पांढऱ्या चिंधीच्या सहा ओळी

"काढा तात्या," मी म्हटलं आणि हातातला स्टीलचा डबा पुढे केला.

डब्यात बारा चिठ्ठ्या होत्या. शिवगोंडा तात्यांनी हात धोतराला पुसले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि देवाचा कौल घ्यावा तशी एक चिठ्ठी उचलली. वाचता येत असूनही त्यांनी ती न उघडता माझ्याकडे दिली. मी उघडली. माझ्याच अक्षरात 'नाही' लिहिलेलं होतं.

"पहिली ओळ, विहिरीकडची. हिला नाही," मी मोठ्यानं सांगितलं, वहीत नोंद केली आणि पिशवीतली पांढरी चिंधी काढून त्या ओळीच्या पहिल्या शेवरीच्या झाडाला बांधली.

तात्या चिंधीकडे बघत राहिले. "ही ओळ माझ्या आज्ज्यानं लावल्याली," ते म्हणाले. "मळ्यातली सगळ्यात जुनी. परत काढू का?"

मी हसले. असं परत काढता येत नाही, काढलं तर प्रयोगाला अर्थच राहत नाही, असं मी त्यांना समजावून सांगितलं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि जगातल्या सगळ्या गोष्टी दोन रकान्यांत बसतात अशी माझी पक्की समजूत होती. तात्यांनी मान हलवली आणि पुढची चिठ्ठी काढली. बारा चिठ्ठ्या संपल्या तेव्हा सहा ओळींना लाल चिंध्या होत्या आणि सहांना पांढऱ्या. पांढऱ्या चिंध्या मी प्रयोगशाळेतल्या गाळायच्या कापडाच्या फाडून आणल्या होत्या. त्या कफनाच्या तुकड्यांसारख्या दिसतात हे मला गौराक्कांनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, लांबूनच सांगितलं. "दुसरा कंचा रंग मिळाला न्हाई व्हय गं तुला?" एवढंच त्या म्हणाल्या.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. सोनकेरी हे मिरजेच्या पूर्वेला कर्नाटकाच्या हद्दीला लागलेलं गाव. एके काळी तिथं चाळीस पानमळे होते. शेवरी आणि हादग्याच्या झाडांवर चढवलेली नागवेल, मध्ये पाण्याचे पाट, आणि भर दुपारीही अंगाला गारवा लागेल इतकी दाट सावली. मळ्यात चपला घालून कुणी जात नसे. मासिक पाळीच्या चार दिवसांत बाईनं कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही, हाही नियम होता. मग मर रोग आला. वेलीचं बूड जमिनीशी काळं पडायचं, वरची पानं तेज गेल्यासारखी पिवळी व्हायची आणि आठ-दहा दिवसांत अख्खी वेल शेवरीवर लोंबायची. एकेक करत लोकांनी मळे मोडले आणि ऊस लावला. मी गेले तेव्हा गावात तात्यांचा अर्ध्या एकराचा मळा तेवढा उरला होता, आणि त्यातही आदल्या पावसात चाळीसेक वेली गेलेल्या होत्या.

तात्यांना तो मळा पैशासाठी हवा होता असं नाही. दोन्ही मुलगे इचलकरंजीला चांगल्या कामाला होते आणि बापानं आता घरी बसावं असं त्यांचं मत होतं. पण गावातल्या मठाची कार्तिकात जत्रा भरायची. त्या दिवशीच्या दासोहाला, म्हणजे महाप्रसादाच्या पंगतीला, आसपासच्या सात गावांतून माणसं जेवायला यायची आणि जेवण झालं की प्रत्येकाच्या हातावर विड्याचं पान ठेवलं जायचं. ती पानं चार पिढ्या तात्यांच्या मळ्यातून जात होती. बाजारातलं पान मठात गेलेलं तात्यांच्या आठवणीत नव्हतं. ते स्वतः तीस वर्षं त्या पंगतीत वाढपी होते. एवढ्या कार्तिकापर्यंत मळा तगू दे, असं ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते. पुढचं पुढं बघू.

आणि मला वाटत होतं की मी तो तगवू शकते. आदल्या वर्षी मी त्या पट्ट्यातून पन्नास ठिकाणची माती गोळा केली होती. तात्यांच्या मळ्यातल्या एका ठणठणीत वेलीच्या मुळाजवळच्या मातीत मला एक हिरवी बुरशी सापडली. काचेच्या तबकडीत एका बाजूला मर रोगाची बुरशी आणि दुसऱ्या बाजूला ही ठेवली, की चार दिवसांत ही तिच्यावर चढून तिचा फडशा पाडायची. ते पाहिलं त्या दिवशी मी मेसमध्ये दोन जिलब्या जास्त खाल्ल्या होत्या.

दुसरं औषध फवारायचं होतं. झाडाला रोग झाला की ते आपल्या अंगात एक संजीवक तयार करतं आणि अजून धडधाकट असलेल्या पानांपर्यंत वर्दी पोचवतं, मग ती पानं आधीच तयारीत राहतात. तेच संजीवक आम्ही बाहेरून देणार होतो, रोग येण्याआधी. म्हणजे मुळाशी बुरशी राखण करणार आणि वर वेल स्वतः सावध असणार. हे मी तात्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी वेलीबी एकमेकीस्नी सांगावा धाडत्यात म्हण की." मला त्या वेळी ते गमतीचं वाटलं होतं.

अडचण एकच होती. बुरशी मी शिजवलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत वाढवत होते आणि आमच्या प्रयोगशाळेत एका वेळी सहा ओळींपुरतीच तयार व्हायची. संजीवकाची पूडही सहा ओळींच्या मापानंच मागवलेली होती. शिवाय सहा ओळी बिनऔषधाच्या ठेवल्याशिवाय औषधानं काही झालं की नाही हे कळणार कसं? हे मला पाठ होतं.

पहिला डोस आम्ही आषाढात दिला. मी प्रत्येक बादलीवर आतून खिळ्यानं खूण केली होती, तिथपर्यंत पाणी, त्यात एक पिशवी, नीट ढवळायचं आणि प्रत्येक वेलीच्या बुडाशी एक तांब्या. लाल चिंधीची ओळ झाली की पांढरी ओलांडून पुढच्या लालकडे जायचं. तात्या माझ्यामागून रिकाम्या हातानं चालत होते. एका पांढऱ्या ओळीपाशी ते थांबले.

"आन् ह्यास्नी?"

"ह्यांना नाही तात्या. ठरलंय ना आपलं."

"ठरलंय खरं," ते म्हणाले. मग खाली बसून त्यांनी एका वेलीच्या बुडाची माती उगाचच सारखी केली. "पंगतीत बसवून ताटात काय न वाढता फुडं जायचं, आसं झालं ह्ये."

मी त्यांना पुन्हा सगळं समजावून सांगितलं. त्यांनी पुन्हा मान हलवली. खरं सांगायचं तर त्या ओळी ओलांडताना माझाही पाय अडखळत होता. कॉलेजला परतल्यावर मी सरांना भीत भीत विचारलं, की आणखी पिशव्या करून सगळ्याच ओळींना देता येणार नाही का. माझे मार्गदर्शक सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शांतपणे विचारलं, "आणि मग तू काय सिद्ध केलंस? मळा जगला तर पाऊस कमी होता म्हणून जगला, असं उद्या कुणीही म्हणेल. ह्या सहा ओळी गेल्या तर पुढची सहाशे गावं वाचतील." मी सहा ओळींपुरतीच ज्वारी भिजत घातली.

दुसरा डोस नागपंचमीनंतरच्या सोमवारी ठरला होता. मी पहाटेच्या एस.टी.नं निघाले आणि वाटेतच मला पाळी आली. कुंपणाच्या फाटकापाशी पोचेपर्यंत मी विचार करत होते. सांगितलं नाही तर कुणाला कळणार होतं? विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून त्या नियमाबद्दल मला काय वाटतं हे मी हॉस्टेलच्या खोलीत तावातावानं बोलले असते. पण समोर तात्या अंघोळ करून, भस्म लावून, अनवाणी उभे होते. आणि त्या घरचं मी चार महिने जेवत होते.

मी गौराक्कांना बाजूला घेऊन सांगितलं. "आडचण हाय व्हय? मग बस हितं," असं म्हणून त्यांनी फाटकाबाहेर लिंबाखाली पोतं अंथरलं. त्यांनी तात्यांच्या कानावर घातलं असणार, कारण तात्या माझ्याकडे न बघता म्हणाले की खोटं बोलून आत आली असतीस तरी आमाला कळलं नसतं, खरं बोललीस ते वेलीला पावेल. मग मी त्यांना एकेक पिशवी, फवारणीची पूड आणि खुणेच्या बादल्या दिल्या, पुन्हा एकदा सगळं घोकून घेतलं आणि लिंबाखाली बसून राहिले. आतलं काही दिसत नव्हतं. बादलीच्या कडीचा आवाज येत होता. मला वाटलं होतं त्यापेक्षा त्यांना दुप्पट वेळ लागला. म्हातारा माणूस, हळूहळू करत असेल, अशी मी माझी समजूत घातली.

ते बाहेर आले तेव्हा कोपरापर्यंत भिजलेले होते आणि चेहऱ्यावर मोठं समाधान होतं. "झालं," ते म्हणाले. मी वहीत तारीख घातली आणि पुढे लिहिलं, 'दुसरा डोस, लाल ओळी, पूर्ण.'

तिसऱ्या डोसाच्या वेळी कृष्णेला पूर होता. पुलावरून गाड्या बंद होत्या. दोन दिवसांनी पाणी थोडं उतरलं तेव्हा सोनकेरीच्या दुधाच्या टेम्पोवाल्याकडे मी पिशव्या दिल्या, सोबत तात्यांना चिठ्ठी. तो डोसही त्यांनी एकट्यानंच दिला. टेम्पोवाल्याकरवी निरोप आला की काळजी करू नकोस, सगळं यवस्थित घातलंय.

पूर ओसरल्यावर पंधरा दिवसांनी मी गेले. मळ्यात शिरताना वाईट बघण्याची माझी तयारी होती. पांढऱ्या चिंधीच्या ओळी गेलेल्या असणार आणि तात्यांकडे बघवणार नाही, एवढं मनाशी धरून आले होते. पण पिवळी पानं सगळीकडे होती. मी लाल चिंधीची पहिली ओळ धरली आणि वेली मोजत गेले. चाळीसपैकी सोळा गेलेल्या. शेजारच्या पांढऱ्या ओळीतही सोळा. पुढच्या लालमध्ये तेवढ्याच. मी बुडाशी बसून माती उकरली, बूड काळं होतं आणि त्याला कुजका वास येत होता. तबकडीत फडशा पाडणारी माझी बुरशी इथं काहीच करत नव्हती.

पुढचे पाच आठवडे मी दर गुरुवारी जात होते. करण्यासारखं काही नव्हतं. चौथा डोस तयार करायला ज्वारीवर तीन आठवडे लागणार आणि सर म्हणाले की आराखड्यात नसलेला डोस देता येणार नाही. गावच्या दुकानातलं औषध मारू का असं तात्यांनी एकदा विचारलं. मारलं तर बुरशीही मरेल म्हणून मी नको म्हटलं, आणि नको म्हणताना माझा आवाज मलाच खोटा वाटला. मी जायचे, मोजायचे, आकडे लिहायचे. तात्या माझ्याबरोबर ओळीओळीतून चालायचे आणि मेलेली वेल शेवरीवरून सोडवून हळूच खाली घ्यायचे. गौराक्का फाटकापाशी चहा घेऊन थांबायच्या. कुणी मला एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

कार्तिकाची जत्रा आठ दिवसांवर आली तेव्हा मी शेवटचं मोजायला गेले. तात्या मठात मांडवाच्या कामाला गेलेले होते. बारा ओळी, प्रत्येकीत चाळीस वेली. शेवरीची झाडं उघडी पडली होती आणि मळ्यात पहिल्यांदाच ऊन आलेलं होतं. मी एकामागून एक शून्य लिहीत बाराव्या ओळीच्या टोकाला, फाटकाजवळ आले आणि थबकले.

टोकाची वेल हिरवीगार होती. नुसती जिवंत नव्हे, तळहातापेक्षा मोठी, तेलकट चकाकणारी पानं, वरपर्यंत. आणि तिच्या ओळीला चिंधी होती पांढरी.

मी खाली बसून बुडाजवळची माती हातात घेतली. पांढरट मुळांच्या भोवती हिरवी छटा होती, ओळखीची. इथं ती असण्याचं काही कारण नव्हतं.

"अक्का," मी फाटकाकडे बघून विचारलं, "ही एकटी कशी राहिली?"

"तितं बादल्या इसळायचे न्हवं ते," गौराक्का म्हणाल्या. "धुऊन गाळासकट पानी तिच्या बुडात. औषिद वाया जाऊ ने म्हनून. फवाऱ्यातलं उरल्यालं सुदीक तिच्यावरच."

"पण ही पांढरीची ओळ आहे. इथपर्यंत बादल्या आणायच्या कशाला?"

त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"तुला बोलले न्हाईत व्हय ते?"

मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि सांगताना त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. दुसऱ्या डोसाच्या दिवशी तात्यांनी माझ्या खुणेच्या एका बादलीत पाणी घालून दोन केल्या होत्या. फवारणीचंही तसंच. लाल बघितलं नाही की पांढरं, बाराही ओळींना सारखं, एक एक तांब्या. तिसऱ्या वेळीही तेच. पहिल्या डोसाच्या रात्री ते जेवले नव्हते म्हणे. मठात पंगतीतला एक माणूस जरी उपाशी उठला तरी वाढप्याला अन्न गोड लागत नाही, आणि इथं तर निम्मी पंगत उपाशी बसवली, असं बोलले होते. "तुझं मन मोडायचं न्हवतं त्येंच्या," अक्का म्हणाल्या. "पर त्यास्नीबी उपाशी ठिववंना. म्हनले, आर्दं आर्दं खातील, पर खातील समद्या."

मला राग आला. आधी रागच आला, हे लपवण्यात अर्थ नाही. माझी दोन वर्षं, पन्नास ठिकाणची माती, रात्रंदिवस उकडलेली ज्वारी, सगळं त्या दोन बादल्यांत गेलं होतं. पण त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट लक्षात आली. ती टोकाची वेल समोर उभी होती. तिला तेवढा पुरता डोस मिळाला होता, कदाचित पुरत्याहून जास्त. म्हणजे माझी बुरशी चालत होती. संजीवक चालत होतं. सहा ओळींना सांगितलं तेवढं मिळालं असतं तर सहा ओळी आज अशाच उभ्या असत्या, आणि त्यांच्या फांद्या लावून पुढच्या वर्षी अख्खा मळा पुन्हा लावता आला असता. अर्धं अर्धं मिळाल्यामुळे कुणालाच पुरलं नव्हतं.

फाटक वाजलं. तात्या आले होते. त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत आले, माझ्या हातातली माती बघितली आणि बायकोच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना काय ते कळलं. ते माझ्यासमोर उकिडवे बसले.

"हिनं सांगितलं व्हय."

"हो."

"तुला इचारून करायचं हुतं. पर तू न्हाई म्हनली असतीस."

तात्या त्या हिरव्या वेलीकडे बघत होते. शेतीत साठ वर्षं घालवलेला माणूस, त्यांना दिसत नव्हतं असं कसं म्हणू? त्यांनी एक पान बोटांत धरलं, उलटं केलं, सोडून दिलं.

"पोरी, एक खरं सांग," ते म्हणाले. "लाल वळींना पुरं घातलं असतं, तर त्या जगल्या असत्या काय?"

ज्या बाईनं तीन महिन्यांपूर्वी फाटकापाशी खरं बोलून दाखवलं होतं तिला ते विचारत होते. त्यांचा माझ्या शब्दावर विश्वास होता तो त्या दिवसापासून. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

"नाही तात्या," मी म्हणाले. "औषधच लागू पडलं नाही. पुरं घातलं असतं तरी गेल्याच असत्या."

"आन् ही?"

"ही पाटाच्या टोकाला आहे. इथं पाणी साचत नाही. म्हणून राहिली."

त्यांनी बुडाशी उकरलेली माती पुन्हा सारखी केली.

"मग बरं झालं," ते म्हणाले. "जाताना एकीलाबी उपाशी धाडलं न्हाई."

सरांना मी आकडे दाखवले. त्यांनी दोन्ही रकाने बघितले, बेरजा तपासल्या आणि म्हणाले, फरक नाही, तबकडीत चालतं ते शेतात चालत नाही, असं होतं, लिहून टाक. खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला आणखी एक वर्ष दिलं असतं, दुसरा मळा शोधला असता. पण प्रबंधाचा निष्कर्ष सोनकेरीच्या शेतकरी मेळाव्यात वाचून दाखवायचा, अशी त्यांची पद्धत होती. प्रयोग का फसला हे मांडवात, गावासमोर, तात्या पहिल्या रांगेत बसलेले असताना सांगावं लागलं असतं. मी लिहून टाकलं. 'उपचार केलेल्या आणि न केलेल्या ओळींत फरक आढळला नाही.' त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. महिन्याभरानं फ्रीज रिकामा करायचा हुकूम निघाला तेव्हा बुरशीच्या नळ्या मीच निर्जंतुक करायच्या मोठ्या कुकरमध्ये ठेवल्या आणि झाकण लावलं. एक नळी मागे ठेवावी असं फार वाटलं, पण कोणत्या तोंडानं ठेवणार होते आणि पुढे कुणाला देणार होते?

चार वर्षांनी मला नोकरी लागल्यावर मी एकदा गुपचूप सोनकेरीला गेले. मळ्याच्या जागी ऊस होता. तात्या तोवर नव्हते. फाटक जिथं होतं तिथली माती मी पिशवीभर आणली आणि पंचवीस तबकड्या लावल्या. ती हिरवी बुरशी आली नाही. पुढेही दोनदा आणली, तेव्हाही आली नाही. आसपासच्या तालुक्यांतले मळे मर रोगानं एकेक करत गेले, त्याच्या बातम्या मी वाचत आले आहे.

पण प्रयोगाच्या त्या वर्षी जत्रेला मी गेले होते. गौराक्कांचा निरोप होता, आलंच पाहिजे. मठासमोरच्या मांडवात पंगत बसली होती, चार-पाचशे माणसं तरी असतील. गव्हाची गोड हुग्गी, भात, आमटी. तात्या धोतराचा काचा मारून ओळीओळीतून वाकून वाढत होते आणि कुणाचं ताट रिकामं दिसलं की मागं वळत होते. जेवणं उरकली तेव्हा ते वेताची टोपली घेऊन पुन्हा पहिल्या ओळीपासून निघाले.

टोपलीत त्या एका वेलीची पानं होती. वेल त्यांनी आदल्या दिवशी वरपासून खालपर्यंत खुडली होती. देवापुढं अख्खी पानं ठेवून बाकीची कात्रीनं कापली होती, एकेकाचे दोन आणि कुठं चार तुकडे. ते प्रत्येकाच्या हातावर एक तुकडा ठेवत, वर चिमूटभर सुपारी आणि चुना, आणि पुढे सरकत. पंगतीतली माणसं हातावरच्या तुकड्याकडे बघायची आणि मग तात्यांकडे बघून तो कपाळाला लावायची.

माझ्यापाशी आल्यावर ते थांबले. टोपलीत बघून त्यांनी त्यातल्या त्यात मोठा, अर्धा तुकडा निवडला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"पुरलं बग सगळ्यास्नी," ते म्हणाले. "एकबी तसाच उठला न्हाई."

त्यांच्या चेहऱ्यावर लिंबाखालच्या त्या दुपारचंच समाधान होतं. मी पान तोंडात घातलं.

"हो तात्या," मी म्हणाले. "पुरलं."